नदी उलटी वाहते तेव्हा

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, टोन्ले साप नदी मेकाँगला मिळते. कोरड्या दिवसांत ती टोन्ले साप याच नावाच्या तळ्याचं पाणी मेकाँगला देते. जूनच्या सुमारास मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी या नदीत शिरतं आणि शंभरेक किलोमीटर उलटं वाहत तळ्यात जातं. एरवी 2,500 चौरस किलोमीटरचं, जेमतेम पुरुषभर खोलीचं हे तळं पावसाळा संपता संपता 15,000 चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं.

आपल्याला पूर म्हटलं की पंचनामे आठवतात. टोन्ले सापच्या काठावर लोक पुराची वाट पाहतात, कारण तेव्हा काठचं जंगल बुडतं. या जंगलात आपल्या कोकणातल्या ओढ्याकाठी दिसणारा निवरही भरपूर आहे. त्याच्या बुडालेल्या फांद्यांत माशांची पिल्लं खातात, लपतात, वाढतात. अंगकोरच्या बायोन मंदिराच्या भिंतीवर झाडांमधून पोहणारे मासे कोरलेले आहेत. शिल्पकाराने ते दरवर्षीच पाहिले असणार.

पाणी उतरू लागलं की पौर्णिमेआधीच्या काही दिवसांत लहान मासळीच्या झुंडी नदीत येतात. भातशेती करणारी कुटुंबं तांदूळ घेऊन काठावर मुक्काम ठोकतात. मासळीची मुंडकी काढायची, ती धुवायची, तुडवायची, उन्हात सुकवायची आणि मीठ लावून बरणीत दाबून भरायची. मुरलं की झालं प्राहोक. उग्र वासाचं हे कालवण वर्षभर भाताला साथ देतं.

2019 आणि 2020 साली उलटा प्रवाह उशिरा आला. पाऊस तर कमी होताच, पण मेकाँगवरची चीन आणि लाओसमधली धरणंही पावसाळ्यात पाणी अडवतात आणि कोरड्या दिवसांत विजेसाठी सोडतात. चढ-उताराच्या ज्या फरकावर तळं जगतं, तोच त्यामुळे कमी होतो. 2016च्या दुष्काळात तर हे बुडणारं जंगलच पेटलं होतं.

मला सर्वाधिक काळजी वाटते तळ्यावरच्या तरंगत्या वस्त्यांतल्या व्हिएतनामी वंशाच्या कुटुंबांची. मासळी आटली तर बहुसंख्य खमेर समाजातला शेजारी शेताकडे किंवा शहराकडे वळू शकतो. यांच्यापैकी अनेकांकडे पिढ्यानपिढ्या राहूनही नागरिकत्वाचे कागद नाहीत, म्हणून जमीन नावावर होत नाही. काम्पाँग छनांग प्रांतात 2018पासून प्रशासनाने त्यांना पाण्यावरून हलवायला सुरुवात केली. काठावर मिळालेल्या जागेचं त्यांना भाडं भरावं लागतं.