पाडव्याला लागलेली टाळेबंदी

करोनाच्या साथीमुळे भारतात पुकारलेली देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली आणि तो दिवस गुढीपाडव्याचा होता, ही गोष्ट महाराष्ट्रापुरती तरी निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. चैत्र-वैशाख हे महिने शहरी नोकरदाराच्या लेखी उन्हाचे आणि शाळेच्या सुटीचे असले, तरी राज्यातील कितीतरी समाजांचे वर्षाचे गणित याच दिवसांत जुळते किंवा फसते. ऊसतोडीचा हंगाम उरकतो, गावोगावच्या जत्रा भरतात, रानात मोहाची फुले गळतात, कोळीवाड्यांत पावसाळ्याच्या बेगमीची मासळी वाळत पडते, कुंभाराचे माठ खपतात, कोकणचा आंबा बाजारात उतरतो आणि लग्नसराई जोरात असते. त्यामुळे आदेश सर्वांना सारखाच लागू झाला, तरी तो प्रत्येकाला सारखा लागला नाही, आणि कोणाला किती लागला हे त्याच्या गाठीच्या पैशाइतकेच त्याच्या कामाच्या ऋतुचक्रावरही अवलंबून राहिले.

या आदेशामागे दोन कायदे होते. केंद्र सरकारने २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरला, तर राज्यांच्या हाती १८९७ चा साथरोग कायदा होता, जो मुंबईत प्लेग पसरल्यावर ब्रिटिश सरकारने घाईने संमत केला होता. महाराष्ट्रात राज्यव्यापी संचारबंदी, म्हणजे सबळ कारणाशिवाय रस्त्यावर येण्यासच मनाई, २३ मार्चलाच पुकारली गेली आणि जिल्ह्यांच्या सीमाही बंद झाल्या. कायदा प्लेगच्या काळातला असला, तरी लोकांना त्या काळाने शिकवलेली रीत मात्र नेमकी उलटी होती. प्लेगात गाव सोडून माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहायचे, साथ ओसरेपर्यंत घराकडे फिरकायचे नाही, असा शिरस्ता पुढे कित्येक वर्षे टिकला होता. दाटीच्या शहरातून उठून गावाकडे, मोकळ्या जागेकडे निघण्याची २०२० मधील धडपड अनेकांना बेजबाबदार वाटली, पण तिच्यामागे पोटाच्या चिंतेबरोबरच हे जुने शहाणपणही असावे, याचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नाही.

घरी थांबा, असे सांगणाऱ्या आदेशाने प्रत्येकाला घर आहे आणि तो त्या घराच्या आसपासच आहे असे गृहीत धरले होते. हे गृहीतक सर्वप्रथम उसाच्या फडात कोलमडले. बीड, अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर), जालना, परभणी या भागांतील लाखो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, पावसाळ्यातच घेतलेली ‘उचल’ ही आगाऊ रक्कम हंगामभर राबून फेडायची असते. हंगाम संपला की ‘पट्टा पडला’ असे म्हणतात आणि एक-दोन दिवसांत बिऱ्हाड हलते. मार्चच्या अखेरीस काही कारखान्यांचा पट्टा पडत आला होता, काहींचे गाळप चालूच होते, आणि साखर ही अत्यावश्यक वस्तू असल्यामुळे तोडीला बंदी नव्हती. परिणामी देशाला घरात बसायला सांगितले जात असताना ही माणसे पहाटेपासून फडात होती आणि संध्याकाळी पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या कोपीत परतत होती, जिच्यात ताठ उभे राहणेही कठीण असते.

तळावरचे रोजचे जगणे कशावर चालते हे पाहिल्यास पुढची अडचण समजते. बैलगाडीवाल्या कुटुंबाच्या हातात हंगामात रोख पैसा येतो तो मुख्यतः उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा भाग, जनावरांच्या चाऱ्यासाठी विकून. त्या पैशांतून आठवडी बाजारात बाजरी, तेल-मीठ आणि चहा-साखर भरली जाते, कारण तोडीची मजुरी उचलीत वळती झालेली असते. टाळेबंदीत आठवडी बाजार बंद झाले, जवळच्या गावांनी वेशीवर काट्या-लाकडे टाकून रस्ते अडवले आणि काल-परवापर्यंत ओळखीचा असलेला दुकानदारही तळावरच्या माणसाला लांबूनच परत पाठवू लागला. काही जण वाट काढून निघाले, त्यांना जिल्ह्याच्या सीमेवरून मागे फिरावे लागले. ज्यांच्याकडे बैल होते त्यांना तर चोरवाटेचाही उपयोग नव्हता, कारण बैलजोडी आणि गाडी ट्रकमध्ये चढवल्याशिवाय दोनशे-अडीचशे किलोमीटरचा पल्ला गाठता येत नाही आणि बैल टाकून जाणे म्हणजे पुढच्या हंगामाची भाकरी टाकून जाणे. अखेर १७ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना आरोग्य तपासणी करून गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला आणि त्यांना पोहोचवण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकली. गावी पोहोचल्यावरही पुष्कळांचा पहिला मुक्काम स्वतःच्या घरात पडला नाही. गावकऱ्यांच्या धास्तीमुळे कोणी शाळेत राहिले, कोणी रानात पाल ठोकले. सहा महिने कोपीत काढून आलेल्यांना हे काही नवीन नव्हते, इतकेच.

ऊसतोड कामगारांची दखल निदान घेतली गेली, कारण त्यांच्यामागे साखर कारखानदारी आणि मतांचे राजकारण आहे. तमाशाच्या फडांचे हाल तुलनेने शांततेत झाले. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातले नारायणगाव हे तमाशाच्या व्यवहाराचे मुख्य ठिकाण. जत्रांच्या हंगामाआधी तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन आपल्या जत्रेसाठी ‘सुपारी’ देतात, म्हणजे खेळाची तारीख आणि रक्कम पक्की करून विसार देतात. फडाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होत असला, तरी खरी कमाई पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंतच्या आणि त्यानंतरच्या काही दिवसांच्या जत्रांवर असते. तंबू लावून तिकिटावर केलेल्या आधीच्या खेळांत जेमतेम खर्च निघतो. मोठ्या फडात नर्तकी, सोंगाडे, ढोलकीवाले, तंबू उभारणारे मजूर, चालक आणि आचारी मिळून शंभराच्या घरात माणसे असतात आणि त्या साऱ्यांना हंगामाच्या सुरुवातीला उचल द्यायची म्हणून मालक सावकाराकडून पैसे उचलतो. म्हणजे ऊसतोडीतला मजूर उचलीने बांधलेला असतो, तर तमाशात उचल देणारा मालकही दुसऱ्याच्या कर्जाने बांधलेला असतो.

टाळेबंदी या साऱ्या साखळीच्या नेमक्या वसुलीच्या दिवशी आली. जत्रा रद्द झाल्यावर गावांनी दिलेला विसार परत मागणे स्वाभाविक होते, पण तो विसार आधीच डिझेलमध्ये आणि पगारात खर्ची पडलेला होता. कलावंत घरी परतले, पण शेती नसलेल्या आणि वर्षातले आठ महिने फिरतीवर असणाऱ्या कुटुंबाला गावात काम मिळण्याची शक्यता कमी, आणि शिधापत्रिका असली तरी ती कोणत्या गावची हा प्रश्न उरतोच. कोणी शेतमजुरी धरली, कोणी भाजी विकली, कोणी नुसती मदतीची वाट पाहिली. नाटक-चित्रपटांतील कलावंतांनी त्या काळात समाजमाध्यमांवरून प्रेक्षकांशी नाते राखले, हे खरे. परंतु ढोलकीच्या तालावर शिट्ट्या आणि फेटे उडणारी जत्रा मोबाइलच्या पडद्यावर भरत नाही, आणि भरली तरी तिची सुपारी कोण देणार?

धनगरांची अडचण आणखी निराळी होती. बारामती, पुरंदर, फलटण या कोरड्या पट्ट्यातील मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. काही कुटुंबांचा मिळून एक ‘वाडा’ होतो, बिऱ्हाड घोड्यावर लादलेले असते आणि शेतकरी आपल्या रानात मेंढ्या ‘बसवून’ घेतात, कारण त्यांच्या लेंड्या-मुताने जमिनीला खत मिळते. मोबदल्यात धान्य किंवा पैसे दिले जातात. गावाबाहेर, उघड्यावर, इतरांपासून अंतर राखून राहणे हा ज्यांच्या जगण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम आहे, त्यांनाच ‘बाहेरचे’ म्हणून वेशीवर अडवले गेले. मेंढ्यांना टाळेबंदी समजावता येत नाही, त्यांना रोज चारायला हलवावेच लागते. जनावरांचे बाजार बंद असल्यामुळे कोकरे विकून परतीच्या वाटेवर पैसा उभा करण्याची सोयही राहिली नाही.

गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात काही काळ चित्र बरे दिसत होते. मोहाची फुले पहाटे गळतात आणि दिवस वर येण्याआधी ज्याच्या त्याच्या झाडाखाली वेचली जातात, त्यामुळे गर्दीचा प्रश्न नव्हता. अनेक गावांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता स्वतःच रस्त्यावर बांबूचे अडथळे उभारले. मात्र मोह वेचला तरी तो घेणारा व्यापारी यायला हवा आणि मीठ-तेलासाठी बाजार भरायला हवा, त्या दोन्ही गोष्टी अडल्या. गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीज जंगलातून मिळणारे उत्पन्न, गोळा करण्यास एप्रिलच्या मध्यास सूट मिळाली. किनाऱ्यावर मासेमारीला १० एप्रिलला मुभा मिळाली होती. पण बर्फ, खलाशी आणि गिऱ्हाईक यांवाचून होडी नुसती समुद्रात लोटून भागत नाही. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळवलेले बोंबील नेणारी वाहने कमी झाली आणि रायगडच्या कोळीवाड्यांवर ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ येऊन आदळले.

मुंबईतील धारावीकडे मात्र सगळ्या जगाचे डोळे लागले होते. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागेत आठ ते दहा लाख माणसांची ही वस्ती. तेथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जण राहतात तेव्हा दिवसपाळी-रात्रपाळीच्या कामामुळेच सर्वांना आळीपाळीने झोपायला जागा मिळते. सगळेच एकाच वेळी घरात थांबले, तर घर पुरत नाही. त्यातून बहुसंख्य कुटुंबांना सार्वजनिक शौचालयाचाच आधार. सकाळी डबा घेऊन रांगेत उभे राहणाऱ्याला सहा फुटांचे अंतर राखायला सांगणे म्हणजे रांग दुसऱ्या गल्लीत नेणे. महापालिकेने ही वस्तुस्थिती ओळखली, ही तिची जमेची बाजू. घरातल्या घरात विलगीकरण शक्य नाही हे मान्य करून शाळा, सभागृहे आणि क्रीडासंकुल ताब्यात घेतले गेले, शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली गेली, खाजगी दवाखान्यांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन घरोघर तपासणी झाली आणि १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले.

तरीही त्या कौतुकाने हुरळून जाण्याचे कारण नव्हते. त्याच जुलैमध्ये मुंबईतील तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण सांगणाऱ्या घटकांची, पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले, तर इतर वस्त्यांत ते प्रमाण सुमारे १६ टक्के होते. दोन वस्त्यांमध्ये रस्त्याचे अंतर असते, त्याहून मोठे अंतर या दोन आकड्यांत आहे. गृहसंकुलांच्या फाटकावर घरकाम करणाऱ्या बायकांना अडवले गेले, काहींनी त्यांचा पगार चालू ठेवला, पुष्कळांनी नाही ठेवला. आत मात्र हापूसच्या पेट्या थेट बागायतदाराकडून मागवण्याची नवी आणि दोघांच्याही सोयीची पद्धत रुळली. घरून काम करणाऱ्यांना कंटाळा, एकटेपणा, नोकरीची धास्ती या गोष्टी सोसाव्या लागल्या नाहीत असे नाही, पण त्यांच्या सोसण्याला लिहिणारे आणि वाचणारे मिळाले.

परप्रांतीय मजुरांच्या पायपिटीबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या, तरी नोंदणी, तपासणी आणि प्रतीक्षा यांना कंटाळून कित्येक जण चालतच राहिले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले आणि थकून तेथेच झोपी गेलेले १६ मजूर ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे मालगाडीखाली चिरडले गेले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत, या समजुतीचा तो परिणाम मानला जातो.

धर्माचरणाच्या बाबतीत लोकांनी दाखवलेला समजूतदारपणा अपेक्षेहून मोठा होता. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती घराघरांत साजरी झाली, रमजानची तरावीहची नमाज घरीच पढली गेली आणि आषाढीला संतांच्या पादुका पायी न जाता एसटीने पंढरपूरला पोहोचल्या. समजूतदारपणाला तडा गेला तो संशयाने. दिल्लीतील तबलिगी जमातच्या मेळाव्यानंतर भाजी विकणाऱ्या मुस्लिमांना काही वस्त्यांत मज्जाव झाला. मुंबई महापालिकेने ३० मार्चला सर्व करोनाबाधित मृतदेहांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि काही तासांत ते मागे घेतले. ज्या समाजांत दफन हाच अंत्यविधी आहे, त्यांच्यासाठी ते तास लहान नव्हते.

पुढील वर्षी गुढीपाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्या लाटेमुळे १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून राज्यात पुन्हा संचारबंदी लागली. जत्रांचा दुसरा हंगामही गेला. आधीच्या कर्जावर व्याज चढत असलेल्या फडमालकांपैकी काहींनी गाड्या आणि तंबूचे सामान विकायला काढले. ऊसतोड कुटुंबे मात्र २०२० च्या दिवाळीच्या आगेमागे नव्याने उचल घेऊन कारखान्यांकडे गेलेली होती आणि या खेपेलाही साखर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत असल्यामुळे पट्टा पडेपर्यंत त्यांची तोड चालू राहिली.