वृक्षवासी साप काचेच्या पेटीत

धामण प्रसंगी झाडावर चढत असली, तरी तिचा वावर मुख्यतः जमिनीवरच असतो. आग्नेय आशियात मात्र धामणीसारखेच मोठे, बिनविषारी असे काही साप जवळजवळ सारे आयुष्य वृक्षांवर काढतात. इंडोनेशिया, मलेशिया, थायलंडच्या अरण्यांतील ‘लाल शेपटीचा हिरवा साप’ हा त्यांपैकी एक. १८२७ मध्ये वर्णिलेल्या या सापाचे शास्त्रीय नाव गोनिओसोमा ऑक्सिसेफॅलम. लांबी दोन मीटरपर्यंत, क्वचित अधिकही. नाव लाल शेपटीचे असले तरी शेपूट बहुधा तपकिरी वा करडीच असते. तरीही त्या पाचूसारख्या रंगाची भुरळ युरोप-अमेरिकेतील सर्पपालकांना पडली आहे.

विक्रीस येणारे यांतील बरेच साप रानातून पकडलेले असतात. पिशवीत कोंडून, पाण्यावाचून प्रवास करून ते पोहोचतात तेव्हा शरीर शुष्क आणि पोटात जंत असतात. हौशी पालक लगेच उंदीर पुढे करतो. खरी गरज असते पाण्याची. रानात पानांवरचे थेंब पिणाऱ्या या सापाला भांड्यातले स्थिर पाणी पुष्कळदा उमगतच नाही, म्हणून फांद्या-पानांवर फवारा मारावा लागतो. त्यानंतर विष्ठेची तपासणी आणि काही महिने इतर सापांपासून विलगीकरण.

पिंजऱ्यात लांबी-रुंदीइतकीच उंचीही हवी. अंगाच्या जाडीच्या आडव्या फांद्या, दाट पाने आणि लपण्याची जागाही वरच. चारही बाजूंना काच असणे घातक, कारण काच हा अडथळा आहे हे सापाला कळत नाही. तो सतत नाक घासत राहतो, जखम चिघळते, तोंडात संसर्ग होतो आणि खाणे सुटते. तीन बाजू अपारदर्शक ठेवल्यास हे बरेच टळते. सर्वांत अवघड काम हवेचे. ओलावा भरपूर हवा, पण हवा कोंडता कामा नये. कोंडली की त्वचेचे व फुप्फुसांचे विकार जडतात. उष्ण दिव्याने हवा कोरडी पडते, आणि सावलीत राहणाऱ्या या सापाला फार उष्णता सोसतही नाही.

डिवचल्यास तो मान उभी फुगवतो आणि चावतोही. विष नसले तरी दात लागतात. वारंवार हाताळल्याने तो माणसाळतोच असे नाही; रानातून आणलेला साप अशाने अन्न टाकतो. बंदिवासात अंड्यातून निघालेली पिल्ले अधिक टिकतात. मात्र तीही पहिल्या काही महिन्यांत उंदराच्या पिल्लाला तोंड लावायला नाखूश असतात.

भारतात धामणीसारखे देशी साप घरात बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.