शैक्षणिक कागदपत्रांचे अपोस्टिल

अपोस्टिल हे एका देशाचा सार्वजनिक दस्तऐवज दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठी त्याला जोडले जाणारे प्रमाणपत्र आहे. परदेशी विद्यापीठात प्रवेश घेताना पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रक आणि जन्मदाखला यांवर ते मागितले जाते. हा शब्द मूळ फ्रेंच असून समासात लिहिलेली टीप असा त्याचा जुना अर्थ आहे.

पार्श्वभूमी

पूर्वी परदेशात दाखवायच्या कागदावर आधी मायदेशातील अधिकाऱ्यांचे आणि शेवटी संबंधित देशाच्या दूतावासाचे शिक्के घ्यावे लागत. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने सदस्य देशांपुरता दूतावासाचा टप्पा रद्द केला व त्याजागी एकच प्रमाणपत्र आणले. करार २४ जानेवारी १९६५ रोजी अमलात आला. भारत त्यात २००४ मध्ये सामील झाला आणि १४ जुलै २००५ पासून तो भारताला लागू आहे. प्रमाणपत्राचा नमुना करारानेच ठरवून दिला आहे: किमान ९ सेंटिमीटर बाजूचा चौरस, दहा क्रमांकित नोंदी आणि फ्रेंच भाषेतील शीर्षक.

भारतातील कार्यपद्धती

भारतात अपोस्टिल देण्याचा अधिकार परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे. देशभरातील प्रत्येक कुलसचिवाची किंवा मंडळाच्या सचिवाची स्वाक्षरी या मंत्रालयाला ओळखता येणे शक्य नाही. त्यामुळे शैक्षणिक कागदपत्रे आधी राज्य शासनाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावी लागतात. राज्याचा अधिकारी विद्यापीठाची किंवा मंडळाची खात्री करतो आणि परराष्ट्र मंत्रालय राज्याच्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी पडताळते. या राज्यस्तरीय टप्प्याला विद्यार्थी अजूनही ‘एचआरडी अटेस्टेशन’ म्हणतात. केंद्रातील मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव २०२० मध्येच शिक्षण मंत्रालय झाले असले तरी बोलण्यातले नाव बदललेले नाही.

मंत्रालय अर्जदाराकडून थेट कागद घेत नाही. ते अधिकृत संस्थांमार्फत स्वीकारले जातात. २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरही, मुंबईसह अनेक शहरांत, होते. शासकीय शुल्क प्रति दस्तऐवज ५० रुपये असून त्यावर अधिकृत संस्थेचा सेवाआकार लागतो. खाजगी मध्यस्थ मात्र याच्या कितीतरी पट रक्कम घेतात. दस्तऐवज देणाऱ्या संस्थेकडे डिजिटल नोंद असल्यास ‘ई-सनद’ या संकेतस्थळावरून प्रक्रिया ऑनलाइन करता येते.

विलंबाची कारणे बहुधा किरकोळ असतात. लॅमिनेशन केलेल्या कागदावर शिक्का मारता येत नाही. गुणपत्रकावर आडनाव आधी आणि त्यानंतर स्वतःचे व वडिलांचे नाव असते, तर पारपत्रात आडनावाचा रकाना वेगळा असतो. वडिलांचे नाव एका ठिकाणी असून दुसऱ्या ठिकाणी नसल्यास प्रश्न उपस्थित होतो. शाळा सोडल्याचा दाखला केवळ मराठीत असेल तर भाषांतर लागते. भाषांतरात अपोस्टिलचा मजकूरही मागितला असल्यास ते अपोस्टिलनंतर करावे लागते, अन्यथा खर्च दोनदा पडतो.

मर्यादा

अपोस्टिल स्वाक्षरीचा खरेपणा, स्वाक्षरी करणाऱ्याचे पद आणि शिक्क्याची ओळख एवढ्याच गोष्टी प्रमाणित करते. कागदातील मजकुराची किंवा पदवीच्या समकक्षतेची हमी त्यात नसते. समकक्षता ठरवण्याचे काम संबंधित विद्यापीठ किंवा त्या देशाची मूल्यमापन संस्था करते, आणि अपोस्टिल केलेली पदवीही तेथे अपुरी ठरू शकते.

नव्या सदस्याच्या प्रवेशावर आधीचे सदस्य आक्षेप घेऊ शकतात व तसे झाल्यास त्या दोन देशांदरम्यान करार लागू होत नाही. भारताच्या प्रवेशावर जर्मनीने असा आक्षेप घेतला आहे. जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सर्वसाधारणपणे ‘एपीएस’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यात खुद्द शैक्षणिक कागदपत्रांचीच तपासणी होते, म्हणजे अपोस्टिल जे करत नाही नेमके तेच. चीनसाठी करार ७ नोव्हेंबर २०२३ रोजी लागू झाला, परंतु भारताने आक्षेप नोंदवल्यामुळे चीनला जाणाऱ्यांना दूतावासाचा जुनाच मार्ग अनुसरावा लागतो. संयुक्त अरब अमिरातींसारख्या कराराबाहेरील देशांसाठीही परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर दूतावासाचा शिक्का लागतो. याउलट अमेरिका व ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे प्रवेशासाठी अपोस्टिल मागत नाहीत. मूळ विद्यापीठाने थेट पाठवलेली गुणपत्रके त्यांना पुरेशी वाटतात.