घाटातला ससा आणि घरचा कुत्रा

खुलताबादहून वेरूळकडे घाट उतरताना रात्री मोटारीखाली सापडलेला ससा सकाळी कडेला पडलेला दिसतो. तो घरच्या कुत्र्याला घालावा काय? आमचे उत्तर असे, की घालू नये.

सशाच्या पोटात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. कच्च्या मांसावाटे त्या कुत्र्याच्या आतड्यात जाऊन वाढतात. मांस नीट शिजविले, की हे भय टळते. परंतु विषाचे तसे नाही. शेतात उंदीर-घुशींसाठी ठेवलेले आमिष सशानेही खाल्लेले असू शकते. त्यातील रक्त गोठू न देणारी विषे यकृतात साठतात व शिजवूनही नाहीशी होत नाहीत. मग ससा मोटारीने मेला, की विषाने मलूल झाल्यामुळे मोटारीखाली आला, हे कोणी सांगावे? खरी मेख येथे आहे.

शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मेलेला आढळलेला वन्य प्राणीही सरकारची मालमत्ता होय, वनखात्यास कळवावे. कुत्र्याने असे मांस खाल्लेच, तर लक्षणांची वाट पाहू नये. या विषाचा रक्तस्राव काही दिवसांनी प्रकट होतो. त्याआधीच पशुवैद्य गाठावा.