मोकाट कुत्र्याची गांठ आणि कर्करोगाची नवी चिकित्सा

नाथषष्ठीस पैठणला गेलेल्या कोणासहि गोदावरीच्या घाटावर उष्ट्यामाष्ट्यावर जगणारीं कुत्रीं दिसलींच असतील. तहानलेल्या गाढवाच्या मुखीं कावडींतलें गंगोदक घालणाऱ्या नाथांच्या गांवांत मुक्या प्राण्याच्या दुखण्याचा विषय काढण्यास संकोच नसावा. अशा एखाद्या कुत्र्याच्या जननेंद्रियाजवळ फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गांठ दिसली म्हणजे आपण त्यास हाकलून देतों. ती गांठ पुष्कळदां एक विलक्षण कर्करोग असतो.

विलक्षण अशासाठीं कीं, हा रोग जंतूमुळें होत नाहीं. एका कुत्र्याच्या रोगट पेशीच समागमांत, किंवा हुंगण्या-चाटण्यांत, दुसऱ्याच्या अंगीं रुजतात. हजारों वर्षांपूर्वीं कोण्या एका कुत्र्यांत उपजलेल्या पेशींचा हा वंश. तें कुत्रें केव्हांच मेलें. त्याचा रोग मात्र जगभर हिंडतो आहे! रशियन पशुवैद्य नोव्हिन्स्की यांनीं १८७६ च्या सुमारास ही गांठ एका कुत्र्यांतून दुसऱ्यांत रुजवून दाखविली, आणि २००६ सालीं आनुवंशिक तपासणीनें वंशाचें एकत्व सिद्ध झालें. माणसास हा रोग लागत नाहीं, हें घरांतील भित्र्या मंडळींस आवर्जून सांगावें.

परकी पेशी अंगांत शिरली तर शरीरानें ती मारावयास हवी. परंतु ही पेशी आपली ओळखखूण बव्हंशीं पुसूनच येते. प्रयोगांतील कित्येक निरोगी कुत्र्यांत कांहीं महिन्यांनीं ती खूण पुन्हा उमटली, शरीर जागें झालें आणि गांठ आपोआप विरली.

इतर कर्करोगांची एक युक्ति निराळी आहे. आपल्या रक्षक पेशींना निसर्गानें लगाम दिला आहे. नाहीं तर त्या स्वतःच्याच शरीरावर तुटून पडतील. पी. डी. एक नांवाचा असा एक लगाम जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेंत १९९२ सालीं सांपडला. दुसऱ्या लगामावर काम करणारे जेम्स ॲलिसन व होंजो यांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. कर्कपेशी हा लगाम बाहेरून खेंचून धरतात. कुत्र्यांच्या तोंडांतील काळ्या अर्बुदांतहि तसें आढळतें. होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनीं लगाम सोडविणारें प्रतिद्रव्य कुत्र्यांस टोंचलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार अशा सात कुत्र्यांपैकीं एकाचीच गांठ स्पष्ट ओसरली. सातांत एक! आशा धरावी, पण जाहिरातीस भुलूं नये.

खरी अडचण किंमतीची. मुंबईच्या टाटा रुग्णालयानें मान व तोंडाच्या कर्करोग्यांवर याच वर्गांतील औषध नेहमींच्या मानानें अत्यल्प, म्हणजे तीन आठवड्यांनीं अवघें २० मिलिग्रॅम, इतर गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलें. २०२२ सालच्या निष्कर्षाप्रमाणें वर्षाअखेर जिवंत राहणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १६ वरून ४३ वर गेलें. काटकसरीचा हा धडा पशुवैद्यकासहि गिरवितां येईल.

घाटावरच्या त्या कुत्र्यास मात्र इतकें कांहींच लागत नाहीं. अंगणांतल्या सदाफुलीपासून काढलेलें व्हिन्क्रिस्टिन आठवड्यास एकदां, असें चार-सहा वेळां टोंचलें कीं बहुतेक कुत्रीं बरीं होतात. म्हणून कोणी सदाफुलीचा काढा करून पाजूं नये. औषध शिरेंतच द्यावें लागतें, बाहेर सांडल्यास मांस कुजतें. तें काम पशुवैद्याचेंच. मराठवाड्यांत परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय आहे.