दहा लाखांत दोन

नव्या श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. चर्चा रंगली ती पगार आणि ग्रॅच्युइटीची. पण सुरक्षा व आरोग्य संहितेचं कलम 88 सोलापूरकरांनी जरूर वाचावं. कारखान्याच्या हवेत विषारी रसायन किती चालेल, हे आता राज्य सरकार ठरवणार. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, हे आकडे थेट केंद्राच्या कारखाने कायद्यात घातले होते.

आता सोलापूरच्या डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्यात, डोकावू. पक्क्या रंगाचा व्हॅट डाय पाण्यात विरघळत नाही. म्हणून कॉस्टिकच्या गरम पाण्यात ‘हायड्रो’ नावाचं रसायन टाकतात. रंग विरघळून सुतात शिरतो आणि सूत पिळून हवेत धरलं, की ऑक्सिजन लागून तिथेच पक्का बसतो. काय देखणी किमया! पण हायड्रोला ओल लागली की सल्फर डायऑक्साइड सुटतो. काडी ओढल्यावर नाकाला झोंबतो, तोच.

त्याची 1987 ची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने 2 पीपीएम. मंगळवेढ्याची तीस-पस्तीस किलो ज्वारी घेतली, तर अंदाजे दहा लाख दाणे होतील, त्यातले दोन.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचा आकडाही 2, तिथल्या केंद्र सरकारचा मात्र 5. केंद्राने 1971 मध्ये औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एका खासगी संघटनेची 1968 ची यादी उचलली. 1989 मध्ये शेकडो आकडे एकदम कडक केले, तर 1992 मध्ये न्यायालयाने ते सगळेच रद्द केले: प्रत्येक रसायनाचा धोका वेगवेगळा सिद्ध करा! गंमत म्हणजे त्या संघटनेने स्वतः 2009 मध्ये पंधरा मिनिटांसाठी 0.25 ची शिफारस केली. केंद्र 5 वरच ठाण मांडून आहे.

तरीही तिथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. राज्याला केंद्राहून कडक होता येतं, सैल होता येत नाही. आपल्या कलम 88 मध्ये अशी अट नाही. गुंतवणूक खेचण्याच्या चढाओढीत एखाद्या राज्याने आकडा सैल केला, तर अडवणार कोण?

शिवाय विजेवर चालणाऱ्या ‘कारखान्या’साठी केंद्राच्या कायद्यात पूर्वी 10 कामगार पुरत, आता 20 लागतात. बारा जणांच्या डाईंगला कलम 88 चा आकडा आपोआप लागू होत नाही, मग तो 2 असो की 0.25. फुप्फुसं काही हजेरीपट मोजून श्वास घेत नाहीत. महाराष्ट्राने आकडा कडक ठेवावाच, पण तो छोट्या डाईंगलाही लावावा.