अर्थसंकल्पाबाहेरचा खजिना : मुंबईचे नियोजन आणि राजकारण

शहराचे नियोजन हे तज्ज्ञांचे काम आणि त्यात ढवळाढवळ करतो तो राजकारणी, अशी समजूत सुशिक्षित वर्गात घट्ट रुजलेली आहे. कोठेतरी एक निर्मळ आराखडा तयार असतो, तो कोणीतरी बिघडवतो आणि मग शहर बकाल होते, असे तिचे थोडक्यात स्वरूप. मुंबईच्या गेल्या सहा दशकांच्या इतिहासाकडे पाहिले तर ही मांडणी फार सोयीची वाटते, पण ती पुरेशी खरी नाही, कारण आराखडा तयार करण्याची जी रीत कायद्यानेच घालून दिली आहे तिच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर निवडून आलेली किंवा सरकारने नेमलेली माणसे बसलेली आहेत, आणि आराखड्यातून जे मिळते किंवा हिरावले जाते त्यावर शहरातले नवे राजकीय गट उभे राहत आलेले आहेत.

ही रीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात सांगितलेली आहे. महानगरपालिका प्रथम जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा करते, त्यावरून पुढच्या सुमारे वीस वर्षांसाठी प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करते, नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवते, त्या ऐकण्यासाठी नियोजन समिती नेमली जाते आणि शेवटी राज्य शासन आराखड्याला मंजुरी देते. या आराखड्यात कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती उद्योगासाठी, हे तर ठरतेच, शिवाय शाळा, मैदान, दवाखाना, बाजार अशा सार्वजनिक कामांसाठी खासगी जमिनींवर खुणा केल्या जातात. या खुणेला आरक्षण म्हणतात आणि ते पडले की त्या जमिनीवर मालकाला मनासारखे बांधकाम करता येत नाही. मात्र आरक्षण पडल्याने जमीन पालिकेची होत नाही, ती पैसे मोजून किंवा मोबदला देऊन ताब्यात घ्यावी लागते. कायद्याचे कलम १२७ असे सांगते की आराखडा अमलात येऊन दहा वर्षे उलटली आणि तरीही जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पालिकेने पाऊल न उचलल्यास आरक्षण आपोआप रद्द होते. म्हणजे मैदान घालवण्यासाठी कोणालाही त्याविरुद्ध मत द्यावे लागत नाही. नोटिशीची फाइल टेबलावर पडून राहिली तरी तेवढ्याने काम भागते. मुंबईचा दुसरा आराखडा १९८०च्या दशकाच्या मध्यावर प्रारूप अवस्थेत होता आणि त्याला १९९१ ते १९९४ या काळात तुकड्यातुकड्यांनी मंजुरी मिळाली, हे लक्षात घेतले की दिरंगाई हाही निर्णयाचाच एक प्रकार कसा ठरतो ते कळते.

पण राजकारण आणि नियोजन यांची खरी गाठ नकाशाच्या रंगांत नाही, ती चटईक्षेत्र निर्देशांकात आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा हा आकडा, बोलीभाषेत एफएसआय. निर्देशांक १.३३ असेल तर हजार चौरस मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून १,३३० चौरस मीटर बांधकाम होते. मुंबईत तो १९६४ च्या सुमारास आला आणि त्यामागचा हेतू साधा होता : पाणी, मलनिस्सारण, रस्ते आणि लोकल गाड्या यांना जितका भार पेलेल तितकीच वस्ती वाढावी. पुढे बेट शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असे सर्वसाधारण प्रमाण स्थिरावले. जमिनीची टंचाई असलेल्या शहरात हा आकडा कमी ठेवल्याचा परिणाम असा झाला की वाढीव चटईक्षेत्र ही स्वतःच एक अत्यंत मौल्यवान वस्तू बनली, आणि ती वस्तू देणे सरकारच्या हातात होते.

एखाद्या सरकारला गरिबांसाठी घरे बांधायची असतील तर त्याला अर्थसंकल्पात तरतूद करावी लागते, विधिमंडळात तिची चर्चा होते, विरोधक आकडे मागतात, दुसऱ्या कोणत्या खात्याचा निधी कापला हे विचारले जाते. तेच काम वाढीव चटईक्षेत्र देऊन विकासकाकडून करवून घेतले तर तिजोरीतून दमडीही जात नाही, अर्थसंकल्पात त्याची ओळही येत नाही. १९६६ च्या नियोजन कायद्याच्या कलम ३७ खाली, आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणारा फेरबदल म्हणून, अधिसूचना काढली की पुरते. किंमत कोणी मोजत नाही असे मात्र नाही. ती शेजारच्या इमारतीतले कमी झालेले पाणी, गल्लीत न मावणाऱ्या गाड्या आणि फलाटावरची गर्दी या रूपाने इतरांकडून, हप्त्याहप्त्याने वसूल होते, आणि ती नेमकी कोणत्या अधिसूचनेमुळे आली हे कोणालाच दाखवता येत नाही. आमदाराला मतदारसंघात जाऊन जे ठोसपणे सांगता येते आणि ज्याचा खर्च कोणाच्याही नावावर पडत नाही, असे दुसरे साधन राज्यकारभारात क्वचितच सापडेल. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ३३ हा म्हणूनच वाचण्यासारखा आहे. ३३(५) म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या वसाहतींसाठी, ३३(७) उपकरप्राप्त म्हणजे भाडेकरूंच्या जुन्या चाळींसाठी, ३३(९) समूह पुनर्विकासासाठी, ३३(१०) झोपडपट्ट्यांसाठी. मूळ आकड्याला एकेक अपवाद जोडत गेलेली ही यादी म्हणजे शहरात कोणकोणते गट सरकारदरबारी आपले म्हणणे मान्य करून घेऊ शकले याची नोंदच आहे. इमारतीच्या सोसायट्यांच्या सभांत सामान्य रहिवासी ‘आपली तेहेतीस-सातमध्ये बसते का?’ असे सहज विचारतात, यावरून ही कलमे लोकजीवनात किती खोल उतरली आहेत ते दिसते.

यांपैकी ३३(१०) ची कथा सर्वांत बोलकी आहे. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीने चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन दिले होते आणि त्यासाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. विकासकाने झोपडीधारकांना २२५ चौरस फुटांचे घर फुकट बांधून द्यायचे आणि त्या बदल्यात त्याला खुल्या बाजारात विकण्यासाठी बांधकामाचा हक्क मिळायचा, अशी ही मूळ योजना होती. जो हक्क त्याच जागेवर वापरता येत नाही तो टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून दुसऱ्या ठिकाणी नेता किंवा विकता येतो. गरिबाच्या घराचे पैसे श्रीमंताच्या घराच्या किमतीतून निघत असल्यामुळे जेथे बाजारभाव चढा तेथे योजनेला विकासक मिळाले आणि जेथे सर्वांत हलाखीची वस्ती तेथे ते कमी आले, हे हिशेबाने अटळच होते. तीन दशके उलटूनही ठरवलेल्या संख्येच्या निम्मीही घरे झालेली नाहीत.

घर कोणाला मिळणार हे ठरवण्यासाठी जो पुरावा धरला गेला तो नियोजनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळणार नाही : १ जानेवारी १९९५ या दिनांकाची मतदारयादी. त्या यादीत नाव आणि त्या जागेवर प्रत्यक्ष वास्तव्य असेल तो ‘पात्र’, नसेल तो ‘अपात्र’. घरातली जुनी शिधापत्रिका, वीजबिल आणि फोटोपास यांना त्यामुळे दागिन्यांहून अधिक जपले जाऊ लागले. मतदारयादी हाच घराचा दस्तऐवज ठरल्यावर दिनांक पुढे सरकवण्याची मागणी निवडणुकीशी जोडली जाणे ओघानेच आले. २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे आश्वासन दिले. निवडणूक जिंकल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना १९९५ नंतरच्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या आणि पक्षांतर्गत विरोध झाल्यावर ती मोहीम थांबली. पुढे १ जानेवारी २००० ही तारीख कायद्यात आली आणि २०११ पर्यंतच्या रहिवाशांना शुल्क घेऊन घर देण्याची तरतूदही झाली. हाच क्रम मुंबईबाहेरही दिसतो. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे करून विकलेल्या वसाहती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये केलेल्या गुंठेवारी कायद्याची मुदत १ जानेवारी २००१ होती, ती २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. एकदा सरकलेली तारीख पुन्हा सरकेल असे धरून चालणारा माणूस अविचारी म्हणता येत नाही. त्याने राज्यकर्त्यांची वागणूक नीट पाहिलेली असते.

गिरणगावच्या, म्हणजे मध्य मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या, जमिनींचा प्रश्न याच्या उलट टोकाचा आहे, कारण येथे मतांची संख्या मोठी असूनही ती कामी आली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. तो अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि शहराच्या मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन रिकामी होण्याची वेळ आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. दोन वाटे सोडावे लागणार म्हणून मालक फारसे पुढे आले नाहीत. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची दिशा दाखवली, पण २००१ मध्ये सरकारने नियमच बदलला. तीन वाटे आता सगळ्या जमिनीचे नव्हे, तर फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे होणार होते, आणि ज्या जागेवर पूर्वी बांधकाम होते ती बांधकाम पाडल्यानंतरही मोकळी धरली जाणार नव्हती.

या बदलाचा अर्थ गिरणीच्या आवारात उभे राहिल्यावरच कळतो. कताई आणि विणाईची खाती, करवतीच्या दात्यांसारख्या छपरांच्या लांबलचक शेड, गोदामे, बॉयलरघर यांनी जमिनीचा बहुतेक भाग व्यापलेला असे. मोकळे म्हणावे असे काय, तर गाड्या वळवण्याचे अंगण, दोन शेडमधली गल्ली आणि गिरणीचा तलाव. तेवढ्याचेच तीन वाटे करायचे म्हटल्यावर शहराच्या हाती काय लागणार हे उघड होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मोकळ्या जमिनीत बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीनही मोजावी असा अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून सरकारची बाजू मान्य केली. घरासाठी अर्ज केलेल्या दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांपैकी आणि त्यांच्या वारसांपैकी थोड्यांनाच मुंबईत घरे मिळाली, आणि उरलेल्यांसाठी बदलापूरच्याही पलीकडे वांगणी आणि शेलू येथे घरांचा प्रस्ताव आला, ज्याला त्यांच्या संघटनांनी विरोध केला. लालबाग-परळमध्ये चाळीच्या जागी मनोरे आले, तसे मतदारही बदलले. कामगार संघटनांच्या बळावर चालणारे तेथले जुने राजकारण ज्या वस्तीवर उभे होते ती वस्तीच पातळ झाली. संपाने जे पूर्ण केले नव्हते ते नियम ५८ च्या फेरबदलाने केले, असे म्हणायला जागा आहे.

या सगळ्यात खुद्द मुंबईकरांनी निवडलेल्या महापालिकेचा हात आखडताच राहिला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हा पालिकेला बाजूला ठेवून शहर घडवण्याचा पहिला मोठा प्रयोग. तो १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला, तरी त्याची रीत म्हाडा, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांच्या रूपाने टिकली. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत नगररचना हा पालिकांकडे सोपवण्याजोगा पहिला विषय आहे, पण मुंबईत आराखड्याची अंतिम मंजुरी राज्याकडे, आयुक्त राज्याचा आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर काही वर्षे नगरसेवकही नव्हते. नागरिकांचा दबाव तरीही अगदी निष्फळ ठरतो असे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात चुकांची इतकी गर्दी होती आणि आरेच्या हरित पट्ट्यातील बांधकामाला वाट करून देण्यावरून इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन महिन्यांत तो मागे घ्यायला लावला; सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

राजकारणाने नियोजन घडवल्याची ही उदाहरणे झाली. नियोजनाने राजकारण घडवल्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण खाडीपलीकडे आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुख्य भूमीवर नवे शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्याची कल्पना मांडली, आणि १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन सरकारने स्वस्तात घ्यायची, विकसित करून विकायची आणि त्या नफ्यातून शहर उभारायचे, असा हिशेब होता. राज्याचा कारभार तिकडे हलला तर मुंबईवरचा ताण उतरेल ही मूळ अपेक्षा मात्र फळली नाही : कांदा-बटाटा, धान्य, भाजी आणि फळांचे घाऊक बाजार वाशीला गेले, मंत्रालय जागेवरच राहिले आणि नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कार्यालये उठतच होती. हलवता आले ते व्यापाऱ्यांना आणि माथाडी कामगारांना.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना नवे शहर म्हणजे कवडीमोल भावाने गेलेली भातशेती आणि मिठागरे. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी उभारलेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिस गोळीबार झाला आणि पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. नियोजनकर्त्यांच्या गणितात नसलेला हा आकडा पुढे त्या भागातल्या प्रत्येक निवडणुकीचा विषय झाला आणि नवी मुंबई विमानतळासाठी जमीन घेताना तो साडेबावीस टक्क्यांवर गेला. त्या विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव सिडकोने २०२१ मध्ये केला, तेव्हा हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. २०२२ मध्ये विधिमंडळाने दि. बा. पाटील यांच्या नावाचा ठराव मंजूर केला. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या नव्या नियोजन क्षेत्रात शेतकऱ्याला साठ टक्के जमीन सोडून चाळीस टक्के विकसित भूखंड परत देण्याचे सूत्र आहे, आणि तेथील गावांतून त्यालाही विरोध सुरू झालेला आहे.